बारा रेषा आणि ताराबाईंची न्हाणी

मी लेझर लेव्हल बोलतेय. दचकू नका, आणि माझा उजेड मुठीत पकडायलाही जाऊ नका. आजवर दहा जणांनी ते करून पाहिलंय. भिंतीवर सरळ हिरवी रेषा उमटवणारं मी एक वीतभर उंचीचं यंत्र. माझ्या पोटात एक लंबक टांगलेला आहे. मला कुठंही ठेवा, तो झुलतो, थांबतो, आणि मग मी दाखवते ती आडवी रेषा अगदी समपातळीत असते. एवढंच माझं काम. बाकी जे माझ्या नावावर खपवलं गेलं, त्यासाठीच आज तोंड उघडावं लागतंय.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. डोळे उघडले ते अमरावतीत, सरफराजभाईंच्या हत्यारांच्या दुकानात. काचेच्या कपाटात बसून मी माणसांची निवड पाहिली आणि डोकं तेव्हापासूनच तापायला लागलं. येणारा प्रत्येक जण विचारी, "रेषा किती?" काम काय आहे, खोली केवढी आहे, उन्हात वापरायची की सावलीत, याची चौकशी कोणी करीत नसे.

अदितीही तशीच आली. मोबाईलवर रात्रंदिवस वाचून आलेली. बंगलोरची नोकरी सोडून ती अकोटला आईजवळ राहायला आली होती. आई, ताराबाई, निवृत्त शिक्षिका. न्हाणीचा उंबरा ओलांडताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्या वॉकर धरून चालत.

"आईला एकटीनं न्हाणीत जाता आलं पाहिजे," अदिती म्हणाली. "बस्स, मला दुसरं काही नको. उंबरा काढायचाय, फरशी नवी करायचीय. चांगली लेव्हल दाखवा."

"ताई, एका न्हाणीसाठी दोन रेषांची बस होते," सरफराजभाई म्हणाले.

"नको, ती बारा रेषांची द्या."

ती मी. त्या बारांतल्या दहा रेषा आजतागायत कोणाच्या उपयोगी पडलेल्या नाहीत. लंबकाला कुलूप लावायची कळ माझ्या अंगावरच आहे, पण ती न लावताच अदितीनं मला पिशवीत टाकलं. दर्यापूरमार्गे अकोटपर्यंत एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला माझा लंबक पोटात आपटत होता. सोबतची माहितीपुस्तिका तिनं वाचली होती म्हणे!

घरी मिस्त्री वाट पाहत होते. अब्दुल गफ्फार, फरशीच्या कामात केस पिकलेले. त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली, जिनिंगचा धडधडाट लवकर थांबला आणि गावात नवं घर बांधायचं कोणी नावच काढेना. चार आठवड्यांनी गफ्फारचाचांच्या हाती थापी आली होती.

अदितीनं मला खोलीत मांडलं, बटण दाबलं. माझी रेषा भिंतीवर उमटली आणि तिनं खाली टेप लावून फरशी मोजली.

"बघा चाचा! पलंगापासून न्हाणीपर्यंत दीड इंच खाली गेलीय. केवढी वाकडी जमीन!"

"वाकडी नाही बेटी, ढाळ हाये. जुन्या लोकायनं मुद्दाम ठेवली."

पलंगावरून ताराबाई बोलल्या, "अवं, दसऱ्याले घर धुतो तवा पलंगाखाली बादली ओतली का पानी आपल्या पायानं मोरीत जाते. वाकडी म्हनते!"

"आई, तुझ्या वॉकरला चाकं आहेत. उतारावर तो पुढं पळतो, तू मागं राहतेस. मला सगळं सपाट हवंय. खोली, दार, न्हाणी, एका रेषेत."

"खोली सपाट करून देतो," गफ्फारचाचा म्हणाले. "पन न्हाणीत ढाळ लागन. पानी कुठं जाईन?"

"कोपऱ्यात जाळी बसवतोय ना! मशीन चुकत नाही चाचा."

मशीन चुकत नाही! अगं बाई, मी आडवं काय आहे ते सांगते, आडवं कुठं हवं ते नाही! पण मला घसा कुठला? मी नुसतीच भिंतीवर हिरवी चमकत राहिले. गफ्फारचाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ताराबाईंकडं.

"तुमचं घर, तुमची मशीन. आपन तं फक्त काम करनारे हात," ते पुटपुटले आणि कामाला लागले.

आठ दिवसांत फरशी आरशासारखी झाली. नवव्या दिवशी ताराबाई वॉकर घेऊन एकट्या निघाल्या. उंबरा नव्हता, उतार नव्हता. त्यांनी आत जाऊन दार लोटलं. बाहेर अदितीनं टाळी वाजवली.

तिसऱ्या तांब्याला पाणी जाळीकडं न जाता दाराकडं आलं. दाराखालून खोलीत, खोलीतून पलंगाखाली. आत ताराबाई वॉकरला गच्च धरून उभ्या. पायांखाली साबणाचं पाणी, पाऊल उचलायची सोय नाही. त्या पडल्या नाहीत. पण अदितीला त्यांना हात धरून बाहेर आणावं लागलं.

"एकतीस वर्सं वर्ग सांभाळला म्या," त्या म्हणाल्या, "आन आता आंघोळीले लेकीचा हात धरावा लागते! आजपासून मी एकटी जात नाही. जा."

आणि अदितीनं सगळा राग माझ्यावर काढला. "या मशीननंच घात केला!"

मी कपाटात गेले, जुन्या पांघरुणांखाली. मध्ये एकदा शेजारच्या मैनाबाईंनी मला हळदीच्या मांडवात रोषणाई म्हणून नेलं. बाराच्या बारा रेषा लावून लोक माझ्यापुढं नाचले. असं मरण कोणत्याही मोजणीच्या यंत्राला येऊ नये.

मग एका सकाळी गफ्फारचाचा न बोलावता आले. हातात पारदर्शक पाईप होता, पाण्यानं भरलेला. गवंडी दोन टोकांचं पाणी पाहून पातळी काढतात, तो.

"कसे काय आलात चाचा?" अदितीनं विचारलं.

"घरवाली जहाँआरा रोज इचारते, बाईची न्हाणी अशीच ठेवली काय? घरात भाकर गोड लागून नाही राहिली. काढ तुही मशीन."

त्यांनी माझी रेषा भिंतीवर पाडली आणि पाईपचं एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला लावलं. दोन्हीकडं पाणी माझ्या रेषेवर येऊन थांबलं. एवढे खड्डे खाऊनही मी खरी निघाले! मला रडू येत असतं तर तेव्हा आलं असतं.

"मशीन खरी हाये, बेटी. तू तिले सपाटी इचारली, पानी कुठं जाईन ते कोनाले इचारलंच नाही. आन मी बी कामापायी चूप बसलो. धर टेप."

माझ्या रेषेपासून दारापाशी तीन फूट खाली खूण. जाळीपाशी त्याहून एक इंच आणखी खाली. मधली फरशी त्यांनी स्वतः फोडली. खोली सपाटच ठेवली, फक्त न्हाणीला ढाळ दिला आणि खरबरीत फरशी बसवली. अदिती दिवसभर टेप धरून होती.

"टेप धरता येते माह्या पोरीले," ताराबाई पलंगावरून म्हणाल्या. "बंगलोरले काही तं शिकली."

पण एकटीनं न्हाणीत जायला त्या तयार होईनात. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कोणाला न सांगता उठल्या. वॉकरची चाकं माझ्यासमोरून गेली. दार लोटलं गेलं. अदिती धावत आली आणि दाराबाहेर थांबली. हात कडीपर्यंत गेला, तिनं तो मागं घेतला. ती दाराखालच्या फटीकडं पाहत बसली.

एक तांब्या. दुसरा. तिसरा. फट कोरडी.

"अवं अदिती," आतून आवाज आला, "बाहेर बसून हाये ना तू? जा, चहा मांड. मले येळ लागन."

अदिती डोळे पुसत चहा मांडायला गेली.

आता मी गफ्फारचाचांच्या थैलीत असते. अदितीनं दिली तेव्हा ते म्हणाले, "देतं तं दे, पन पाईप मी सोडनार नाही." नका सोडू. तो माझ्या शेजारीच गुंडाळलेला असतो. आणि हो, थैलीत टाकण्याआधी ते माझ्या लंबकाला आठवणीनं कुलूप लावतात.

तुम्ही कधी मला घ्यायला गेलात तर रेषा मोजू नका, काम सांगा. आणि घरी आणल्यावर माझं बटण दाबण्याआधी जमिनीवर एक बादली पाणी ओता. ते कुठं जातं ते नीट बघा. मग मला हाक मारा.