पांढराशुभ्र फिल्टर

दहा मजल्यांना हवा पुरवणारं यंत्र गच्चीवर होतं. नवा फिल्टर बसवून तीन महिने झाल्यावर मिस्त्रीने त्याचं झाकण उघडून तो बाहेर ओढला. फिल्टर पांढराशुभ्र, जणू आत्ताच खोक्यातून काढलेला.

"वा मिस्त्री!" इमारतीचे मॅनेजर खूश झाले. "एक डाग नाही! उगाच नाही तुम्ही सगळ्यात दाट जाळीचा निवडलात."

मिस्त्री मात्र फिल्टर उलटसुलट करून पाहू लागला. शेजारच्या बांधकामाची धूळ रोज गाड्यांवर थरानं साचत होती. ती फिल्टरमध्ये नाही, तर गेली कुठे?

त्याने फिल्टर परत बसवला, यंत्र सुरू केलं आणि कडेला हात नेला. शर्टाची बाही फिल्टर आणि चौकटीमधल्या फटीत सर्रकन ओढली गेली. चांगली दोन बोटं फट! एवढ्या दाट जाळीतून हवा खेचायला जुन्या पंख्यात दम नव्हता, आणि अडवलेली हवा काय, सापडेल त्या चोरवाटेनं जाते. खोक्यावरचे आकडे वाचून शहाणा झालेल्या मिस्त्रीने चौकट मोजलीच नव्हती.

"अहो, निघालात कुठे?"

यंत्र बंद करून तो धावत जिने उतरला. चौथ्या मजल्यावर त्याची लेक राहत होती, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन. तिने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बाबा, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. खोकून खोकून दमला बिचारा."

पाळण्याच्या वर, छतातून हवा येते त्या जाळीभोवती धुळीचं काळं कडं धरलं होतं.

"पण तुम्ही सांगितल्यापासून," लेक कौतुकाने कुजबुजली, "एकही खिडकी उघडलेली नाही हं मी."