चाखून झाल्यावर

"खा," म्हणत जयवंतरावांनी आपलं ताट कोंडाबाईपुढं सरकवलं.

कोंडाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडात टाकला. घास घशाखाली उतरेपर्यंत जयवंतराव बघत राहिले. मग त्यांनी उदबत्ती लावायला सांगितली.

घराण्याची रीतच ती. राजाचं अन्न आधी दुसऱ्यानं चाखायचं, उदबत्ती संपेपर्यंत थांबायचं, चाखणारा धड राहिला तरच राजानं जेवायचं. मुठा खोऱ्यातलं हे छोटं राज्य बुडून पिढ्या लोटल्या होत्या. आता चार खोल्या आणि घरामागचा डोंगर, एवढंच उरलं होतं. मूलबाळ नव्हतं. गादी जयवंतरावांपाशीच संपणार होती. लग्न झाल्यापासून प्रभावतीबाई चाखायच्या. दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या आणि ते काम सैपाकाच्या कोंडाबाईकडं आलं.

पुतण्या अभयला बंगल्यांचे प्लॉट पाडायला डोंगर हवा होता. जयवंतराव सही देत नव्हते. अशात अभयनं कोंडाबाईच्या सुनेला पिरंगुटच्या कारखान्यात चिकटवलं. तेव्हापासून जयवंतरावांना भाजी कडवट लागत होती.

"अभयनं सुनेला नोकरी उगाच लावली?"

"उगाच कशाला? सोनल बारावी पास हाय."

"तुला काय दिलंय त्यानं? पुडी-बिडी?"

"दिली की. फरसाणाची. नातवंडांनी खाल्ली, अजून घर डोक्यावर घेत्यात."

"चेष्टा नकोय."

"मग काय बोलू, सरकार? तुमच्या आधी मीच मरनार. येवढी येडी दिसती व्हय मी?"

"प्रभावतीनं कधी असं उलट उत्तर केलं नाही."

"त्यास्नी विखाचं भ्याच न्हवतं. बारकी उदबत्ती लवकर सपती म्हनून पौडावरनं लांब काड्या आनवायच्या. म्हनायच्या, तेवढाच येळ सरकार जागचं हलत न्हाईत, तेवढ्यात बोलून घेते."

जयवंतरावांनी उदबत्तीकडं पाहिलं. प्रभावती बोलायची खरी. रोज बोलायची. ते मात्र तिचा चेहरा फिरतोय का, हात थरथरतोय का, तेवढंच बघत बसायचे. काय बोलायची, त्यातलं आज काही केल्या आठवेना.

"जेवा आता. पिठलं गार झालं."

उदबत्ती केव्हाच विझली होती. त्यांनी ताटाला हात लावला नाही. प्रभावती बोलायची तसं काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी विचारलं,

"सोनल पिरंगुटला कशी जाते? कंपनीची गाडी येते का?"

कोंडाबाई उठता उठता थांबली. तिनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं.

"का वो? तुमाला कशापायी पायजे?"