तांबड्यांच्या बँडात टोर्बन

टोर्बन सकाळी पाव आणायला म्हणून गेला आणि बँडमध्ये नाव घालून आला. त्याच्या बायकोला, बिर्टेला, आधी आनंदच झाला. डेन्मार्कहून माल्टाच्या गोझो बेटावर येताना त्यांची चाळीस खोकी आली होती, त्यातलं सगळ्यात मोठं टोर्बनच्या ट्युबाचं. ते पितळेचं धूड चार वर्षं प्रत्येक घरात एक खोली अडवून होतं आणि टोर्बन रोज संध्याकाळी त्यात फुंकायचा. दम त्याच्याकडे भरपूर होता, हौस त्याहून जास्त. कमी होता तो कान. बिर्टेने चौदा वर्षांच्या संसारात हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. संसार टिकवायचा तर माणसाला थोडं बहिरं व्हावं लागतं. आता तो आठवड्यातून तीनदा दुसऱ्याच्या छपराखाली वाजवणार म्हटल्यावर तिने त्याला न मागता दुसरी कॉफी दिली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात तिने ही बातमी चेत्ताला सांगितली. चेत्ता दुकानदारीण, आणि गावातल्या बातम्यांचं कोठारही तीच. तिची चीज कापणारी सुरी मध्येच थांबली.

"कुठल्या बँडमध्ये?"

"चौकातल्या. घरातून निघालं की तोच क्लब पहिला लागतो."

"पहिला लागला म्हणून आत शिरला? पहिला मठ लागला असता तर पाद्री होऊन आला असता का?"

"का गं? काय झालं?"

"चौकातले तांबडे. आणि तुमचं घर कोणाचं? झारेनचं. झारेन कोण? निळ्यांचा खजिनदार. त्याचा बाप निळ्यांचा अध्यक्ष होता. सख्ख्या बहिणीने तांबड्यांच्या घरात लग्न केलं, तर हा सतरा वर्षं तिच्याशी बोलला नाही. एकाच गल्लीत राहून, बरं का. आणि आता त्याच्याच घरात तांबड्यांचा ट्युबा."

गावात संत दोन, जत्रा दोन आणि बँडही दोन, एक तांबडा नि एक निळा, हे बिर्टेला ठाऊक होतं. पण या गावात येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते, आणि हे प्रकरण दोन फुटबॉल संघांसारखं असेल, अशी तिची भाबडी समजूत होती. फुटबॉलचा सामना दीड तासात संपतो. हा सामना दीडशे वर्षं चालू होता.

"पण तांबड्यांनी तरी याला घेतला कसा?" तिने विचारलं.

"त्यांचा ट्युबावाला मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेला. ते वाद्य उचलू शकेल असा कोणीही त्यांना चालला असता," चेत्ता म्हणाली आणि चीजचे दोन तुकडे जास्तीचे बांधून दिले. सुतकाच्या घरी द्यावेत तसे.

बिर्टेला काळजी लागली ती घराची. चार वर्षांत हे त्यांचं चौथं घर. प्रत्येक मालकाला उन्हाळा जवळ आला की साक्षात्कार व्हायचा, की हे घर पर्यटकांना आठवड्याच्या भावाने द्यावं. मग पुन्हा खोकी, पुन्हा नवी शाळा. नऊ वर्षांची आस्ता मागच्या दोन घरांत कोणाशी मैत्रीच करीनाशी झाली होती. "आपण जाणारच ना," असं ती अगदी समजूतदारपणे म्हणायची, आणि तो समजूतदारपणा बिर्टेला सहन होत नसे. इथे मात्र पोरगी रुळली. गल्लीतल्या पोरींशी भांडायला लागली, तेही माल्टीजमध्ये. या घराचा करार ऑगस्टअखेर संपत होता. बिर्टेने वसंतातच विचारलं, तेव्हा झारेन म्हणाला होता, "जत्रा होऊन जाऊ दे, मग बघू."

तिने टोर्बनला बँड सोडायला सांगितलं.

"शब्द दिलाय," टोर्बन म्हणाला. "गणवेशाचं मापसुद्धा घेऊन झालं. मी झारेनना जाऊन शांतपणे समजावतो."

"तू कोणालाही काहीही समजावू नकोस," बिर्टे म्हणाली. हात दाखवून अवलक्षण एकदा झालं तेवढं पुरे होतं.

समजावायची गरज पडलीच नाही. दर शनिवारी झारेन त्यांच्या दाराला पिशवी अडकवून जायचा, त्याच्या शेतातले टोमॅटो नाहीतर कोवळे दुधी. त्या शनिवारी पिशवी आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात झारेन स्वतः आला, पण दार वाजवलं नाही. टोर्बन वर सराव करत होता आणि म्हातारा गल्लीत, हात पाठीमागे बांधून, मान वाकडी करून ऐकत उभा. पाच मिनिटांनी निघून गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतरच्या मंगळवारी तर तो निळ्यांचे दोन कारभारी घेऊन आला. तिघं भिंतीला टेकून, एकमेकांकडे न बघता, एक अख्खं मार्चिंग गाणं ऐकत राहिले. बिर्टे खिडकीच्या झडपेआडून बघत होती. हे पुरावा गोळा करतायत, तिच्या मनात आलं. घर खाली करायला सांगताना साक्षीदार लागतात.

"आई, झारेननाना आपल्यावर रागावलेत का?" आस्ताने विचारलं.

"नाही गं. त्यांना संगीत आवडतं," बिर्टे म्हणाली. लेकीशी ती सहसा खोटं बोलत नसे.

जुलैत तांबड्यांची जत्रा आली. भर दुपारी आकाशात बार फुटले, गच्च्यांवरून कागदाचे कपटे उधळले गेले आणि चर्चसमोरून बँड निघाला. टोर्बन शेवटच्या रांगेत, पांढऱ्या गणवेशात, सुखाने लालबुंद झालेला. त्याच्याकडे पाहून बिर्टेला क्षणभर खरंच अभिमान वाटला. मग बँड वाजू लागला. ट्युबा प्रत्येक ठेक्याला थोडा मागे होता. वळणावर त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिथून पुढे तो थोडा पुढे गेला. त्याच्या पुढ्यातले दोघे ट्रॉम्बोनवाले आधी एकमेकांकडे बघू लागले, मग तेही चुकले. चौकात पोचेपर्यंत ढोलवाला एक गाणं वाजवत होता आणि बाकीचे दुसरं.

एरवी तांबड्यांच्या जत्रेला निळे घराला कुलूप लावून समुद्रावर जातात. यंदा एकही हलला नव्हता. त्यांच्या क्लबची गच्ची माणसांनी वाकली होती आणि मधोमध झारेन रुमालाने डोळे पुसत होता. बिर्टेला वाटलं, संतापाने म्हाताऱ्याला रडू फुटलं. तिने घरी जाऊन माळ्यावरच्या रिकाम्या खोक्यांची मोजदाद केली.

सोमवारी सकाळी दार वाजलं. दारात झारेन, हातात कागद. बिर्टेने आस्ताला शेजारी पिटाळलं आणि म्हाताऱ्यापुढे चहाचा ग्लास ठेवला.

"पोरी, मी साफ बोलणारा माणूस आहे," झारेन म्हणाला.

"काका, आधी माझं ऐका. चूक आमची आहे. आम्हाला कळलं नाही. टोर्बन आजच्या आज बँड सोडेल, लिहून देते."

झारेनचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

"सोडेल? का?"

"तुम्हाला राग..."

"राग होता. पहिल्या दिवशी होता. घर देऊन साप पाळला म्हटलं. मग एकदा खिडकीखाली उभा राहिलो आणि ऐकलं." त्याने ग्लास खाली ठेवला. "पोरी, एकतीस वर्षं मेल्यांचा बँड ऐकून आम्ही जळतोय. चांगलंच वाजवायचे, चर्चसमोर राहतो, खोटं कशाला बोलू. आम्ही इटलीहून मास्तर आणला, नवी वाद्यं घेतली, तरी त्यांच्यापुढे फिकेच. आणि तुझ्या नवऱ्याने एका दुपारी, एकट्याने..." रुमाल पुन्हा बाहेर निघाला. "माझा बाप हे बघायला हवा होता."

झारेनने कागद तिच्यापुढे सरकवला.

"तीन वर्षांचा करार आहे. भाडं आहे तेच. एकच अट, ती कागदावर नाही, तुझ्या-माझ्यात. तो तांबड्यांकडेच वाजवणार. सोडायचं नाव काढलं तर मी घर काढून घेईन."

"आणि त्यांनीच काढून टाकलं तर?"

"कसे काढतील? परदेशी पाहुण्याला हाकललं तर आम्ही गावभर त्यांची अब्रू काढू. ते अडकलेत." म्हाताऱ्याचे डोळे चमकले. तो जरा पुढे झुकला. "पुढच्या वर्षी त्याला एकट्याला वाजवायला देतील का गं?"

बिर्टेचा जीव भांड्यात पडला. पडला तो इतक्या जोरात, की तिला हसू आणि रडू एकदमच आलं. खरं तर कोणी आपल्या नवऱ्याची अशी किंमत केल्यावर बायकोने चिडायला हवं. तिने प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहिला, पण राग काही सापडला नाही. सापडली ती तीन वर्षं. आस्ता बारा वर्षांची होईपर्यंत याच गल्लीत भांडणार होती. बिर्टेने झारेनच्या पेनाने सही केली.

झारेन गेल्यावर टोर्बन घाबरतच खाली आला. "काय म्हणाले?"

"तीन वर्षं राहा म्हणाले. आणि तू बँड अजिबात सोडायचा नाहीस, असं बजावून गेले."

टोर्बनचे डोळे भरून आले.

"निळ्यांचा माणूस असून," तो म्हणाला. "याला म्हणतात संगीताची जाण."

"हो," बिर्टे म्हणाली. "कान फार चांगला आहे त्यांचा."

तो वर गेला आणि ट्युबा घुमू लागला. बिर्टेने जिन्याचं दार लावून घेतलं नाही. तीन वर्षं डोक्यावर छप्पर राहणार होतं, आणि ते कोण कमावतंय हे तिला ऐकू येत होतं.