नापारीची जीभ

वाडगा सनातूच्या खांद्यावर आदळला आणि भेंडीचं गरम कालवण तिच्या गळ्यावरून खाली ओघळलं. ती ओढणीच्या टोकानं मान पुसत उभी राहिली.

"काय घातलंस यात?" नापारीनं विचारलं.

"मीठ. तेही निम्मं. मिरचीला तर वर्षभर या चुलीपाशी येऊ दिलेलं नाही, भावजी."

"मग ही आग कसली?"

त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली. जीभ स्वच्छ होती, ना फोड ना चट्टा. पण आत तापल्या तव्याला चिकटल्यासारखी ती सकाळपासून जळत होती. दुपारनंतर टाळू आणि ओठही जळायला लागत.

नापारी गावातला गिरणीवाला. तीस वर्षं त्याच्याच गिरणीत मका, बाजरी आणि वाळक्या मिरच्या दळल्या जात. सात वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, मग हात, मग हनुवटी. तमाले शहरातल्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळीचा असर उतरला की अंग लाकडासारखं व्हायचं. एकदा एका गिऱ्हाइकानं हसत विचारलं, "नापारी, ढोल वाजवतोयस की दळतोयस?" नापारीनं हातातला लोखंडी पाना त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. त्यानंतर त्याच्या हाताबद्दल गावात कुणी बोललं नाही.

तोंडाची आग मात्र गेल्या वर्षीची. ती कुणाला दिसत नव्हती, म्हणून त्याला जास्त चीड यायची. दवाखान्यातल्या मेमुना सिस्टरनं बॅटरी लावून घसा पाहिला.

"जखम नाहीये, बाबा. ज्या नसांच्या आजारानं हात हलतो, त्याच आजारात कधी कधी जिभेच्या नसाही अशा पेटतात. गोळ्यांचंही असू शकतं. तमालेला जा, डॉक्टर त्या बदलून देतील."

"जिभेला काही झालेलं नाही, तरी ती जळते. म्हणजे मी खोटं बोलतो?"

"खोटं कुठे म्हणते मी? जळतंय ते खरंच आहे. पण कुणी जाळत नाहीये."

त्याला ते पटलं नाही. कुणीतरी असल्याशिवाय एवढी आग कशी लागेल? स्वयंपाक करत होती सनातू, त्याच्या थोरल्या भावाची विधवा. नापारीची बायको गेली तेव्हा त्यांचा मुलगा याकुबू चार वर्षांचा होता. सनातूनंच त्याला वाढवलं होतं आणि बावीस वर्षं या घराची चूलही तिनंच पेटवली होती. वाडगा फेकला त्या बुधवारी नापारी गिरणीवर गेला आणि दळणाला बसलेल्या बायकांसमोर म्हणाला, "तिच्या हातचं पोटात गेलं की माझं तोंड पेटतं. तिच्या हातात काय आहे ते तिलाच ठाऊक."

बोलल्यावर त्याला जरा बरं वाटलं. संध्याकाळी तेच वाक्य तो मशिदीच्या पायरीवरही बोलला. घरचं जेवण त्यानं बंद केलं आणि बाजारातला पाव पाण्यात भिजवून खायला लागला.

गुरुवारी शेजारच्या इद्रिसूची सहा वर्षांची मुलगी तापानं गेली. सनातूनं तिला सोमवारी उकडलेला रताळ्याचा तुकडा दिला होता. तिला चेटकीण ठरवायला गावाला एवढं पुरलं.

शुक्रवारच्या नमाजानंतर माणसं अंगणात घुसली. आठ-दहा जण होते, हातात काठ्या आणि मुसळं. पुढे इद्रिसू होता आणि त्याच्या शेजारी याकुबू. नापारी झोपडीत होता. दुपारची गोळी अजून चढली नव्हती. बाहेर भांडी पडली, पाठोपाठ सनातूचा आवाज आला.

"याकुबू, अरे मी आहे. याकुबू."

मग काठीचा आवाज. दमट पोत्यावर तडाखा बसावा तसा.

नापारी उठला आणि दारापर्यंत आला. उंबऱ्यापाशी त्याचे पाय जमिनीला खिळले. हे रोजचंच होतं. दार दिसलं की पाय अडायचे, मग सनातू उंबऱ्यापुढे एक काडी आडवी टाकायची आणि म्हणायची, "ओलांडा." काडी ओलांडायला पाय उचलायचा. आज काडी टाकणारी अंगणात धुळीत पडली होती आणि इद्रिसू तिच्या हातावर मुसळ हाणत होता. नापारीला सगळं दिसत होतं. हाड मोडल्याचं ऐकूही आलं. त्याचा एकही पाय हलेना.

शेवटी त्यानं स्वतःला पुढे पाडलं. तोंडावर आपटला, नाक फुटलं. मग कोपरांवर सरकत, माणसांच्या पायांमधून वाट काढत तो तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या अंगावर पडला. पुढची काठी त्याच्या खांद्यावर बसली. गळ्याजवळचं हाड कटकन तुटलं.

ती काठी याकुबूची होती.

"बाबा, बाजूला व्हा."

"मी उगाच बोललो."

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या गावासमोर?"

"म्हणालो. बुधवारपासून मी हिच्या हातचं काही खाल्लेलं नाही. सगळ्यांनी बघितलंय, पाव खातोय मी. तरी तोंड जळतंय. आत्ताही जळतंय. हिनं काही केलेलं नाही."

त्याचा आवाज आजारानं आधीच बारीक झाला होता. मागच्यांना ऐकू गेला नाही.

"तिनं त्यालाही चेटकानं बांधलंय," कुणीतरी म्हणालं. इद्रिसूनं मुसळ पुन्हा वर नेलं. तो रडत होता.

याकुबूनं वरच्यावर त्याचा हात धरला. दोघं झोंबले, धुळीत लोळले. याकुबूनं इद्रिसूच्या तोंडावर बुक्क्या मारल्या, इद्रिसूनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. बाकीचे याकुबूवर तुटून पडले. तो गुडघ्यावर उठून बापाच्या आणि काकूच्या आडवा उभा राहिला आणि हातातली काठी आंधळ्यासारखी चहूकडे फिरवत राहिला. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा गुडघा. तेवढ्यात मेमुना सिस्टरची तीनचाकी भोंगा वाजवत थेट अंगणात शिरली. मागे दोन पोलीस होते. माणसं भिंतींवरून उड्या टाकून पांगली.

सनातू जगली. दवाखान्यातून ती नापारीच्या घरी आली नाही. धाकटा भाऊ येऊन तिला माहेरच्या गावी घेऊन गेला.

हाड जुळल्यावर नापारी तमालेला गेला. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, दुसरीची वेळ बदलली. तोंडाची आग गेली नाही, निम्म्यावर आली. सकाळ बरी जायची. दुपारी तो गार पाण्याचे घोट तोंडात धरून बसायचा आणि गिऱ्हाइकांशी मानेनंच बोलायचा. आता कुणावर त्याचा हात उठत नव्हता. याकुबू महिनाभर पोलीस कोठडीत राहून आला. बापलेक एकमेकांशी दळणापुरतंच बोलत.

चार महिन्यांनी दोघं तिच्या माहेरी गेले. सनातू अंगणात शेंगा फोडत बसली होती. डावा हात मांडीवर तसाच पडलेला, उजव्या हातानं ती शेंग दगडावर दाबून फोडायची. तिनं वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. याकुबू कुंपणापाशीच थांबला.

नापारी तिच्या शेजारी जमिनीवर बसला. रस्ताभर जुळवलेलं सगळं तो बोलला. गिरणीवर काय म्हणालो, का म्हणालो, म्हटल्यावर बरं वाटलं होतं तेही. दारात उभं राहून सगळं पाहत होतो, तेही. बोलता बोलता हनुवटी थरथरत होती, शब्द तुटत होते. बराच वेळ लागला. शेंगा फुटत राहिल्या.

तो थांबल्यावर सनातूनं त्याच्याकडे पाहिलं.

"भावजी, या कानानं मला आता ऐकू येत नाही. काय बोलायचं ते इकडून येऊन बोला."

तिला वळसा घालायचा म्हणजे चार पावलं. नापारी जमिनीवर हात टेकून उठला आणि पाय अडले. याकुबू धावत येऊ लागला, तसा त्यानं हातानंच त्याला थांबवलं. सनातूनं शेंग फोडणं थांबवलं होतं. ती वाट पाहत होती.

एक पाऊल निघालं. बऱ्याच वेळानं दुसरं.

उजव्या बाजूला पोहोचल्यावर तो खाली बसला, दम घेतला, आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.