नीलिमानं खोडायला लावलेली ओळ

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तासगाव भागात पाऊस थांबेचना. द्राक्षं फुलोऱ्यात आलेली आणि आभाळ रोज भरून यायचं. बागाईतदार आप्पासाहेबांनी बांधावर उभं राहून मजुरांना पेपर वाचून दाखवला होता. तिकडं प्रशांत महासागर तापलाय, त्याला एल निनो म्हणतात, सगळीकडचं हवामान बिघडलंय, पाऊस अजून पडणार.

म्हणून फवारणी वाढली. पावसानं औषध धुतलं की पुन्हा मारायचं, बुरशीचं आणि किडीचं एकात कालवून. पाठीवर गळका पंप घेऊन मजूर नागसेन अकरा दिवसांत नऊ वेळा बाग फिरला. त्याचा सदरा वाळायचाच नाही. त्यानं हातमोजे मागितले, तेव्हा तोंडाला फडकं बांध, तेवढं पुरे, असं आप्पासाहेबांनी सांगितलं.

नवव्या खेपेला तो वेलीखाली कोसळला. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं. पलीकडच्या ओळीत फुटवे काढणारी त्याची बायको नीलिमा धावली. बायांनी मिळून त्याला टेम्पोत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, किडीचं औषध अंगात भिनल्याची खूण. त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली, सदरा कापून काढला आणि अंग साबणानं धुवायला लावलं.

दुपारी हवालदार जबाबाचा कागद लिहूनच घेऊन आला आणि सही कर म्हणाला. नीलिमा सातवी शिकलेली. तिनं वाचलं : घरगुती भांडणातून विषारी औषध प्यायला. हे कुणी सांगितलं, ते तिला विचारावं लागलं नाही. आप्पासाहेब व्हरांड्यातच उभे होते.

ती कागद घेऊन त्यांच्यापुढं गेली. ते खालच्या आवाजात समजावू लागले की हवाच अशी पडली, त्यांचीही बाग हातची चाललीय, एल निनोपुढं कुणाचं काय चालणार.

"समुद्र तापला आसंल," नीलिमा म्हणाली. "पर गळका पंप समुद्रानं न्हाई दिला. पाऊस येणार ह्ये तुमाला आदीच म्हाईत हुतं. मग हातमोजं का न्हाई आणलं?"

आप्पासाहेब हवालदाराकडं बघू लागले. कागद तिनं हातातून सोडला नाही. ती डॉक्टरांना बोलावून घेऊन आली. विष कपड्यांतून, कातडीतून गेलंय, असं त्यांनी हवालदाराला सांगितलं. त्यानं कुरकुरत ती ओळ खोडली आणि लिहिलं, फवारताना विषबाधा. नीलिमानं ते दोनदा वाचलं, मगच सही केली.

आठव्या दिवशी नागसेन घरी आला. चहाचा कप त्याच्या हातात ठरत नव्हता. तोच पंप आता शेजारच्या अर्जुनाच्या पाठीवर होता. नीलिमानं जाऊन त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून कामावर गेला.

पुढं आप्पासाहेबांची बाग दावण्या नावाच्या बुरशीनं गेली. ते ऐकून लोक हळहळले. नीलिमा हळहळली नाही.