साहेबाच्या तरुणपणाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. माझ्या पाठीला केवढा तरी फुगवटा आहे, म्हणून मला कुणी भिंतीवर टांगत नाही. घरातली लेक सहा वर्षांची होती, तेव्हा तिच्या बाबांनी मला आणलं. ते लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते.

दर रविवारी संध्याकाळी माझ्यावर आग विझवणाऱ्यांची एक मालिका लागे. तिच्यातला साहेब कधी हसत नसे. त्याच्या टेबलामागे एका मित्राचा फोटो होता. तो आगीत गेला, एवढंच आम्हाला कळे. बाप-लेक शेजारी बसून बघत. बाबाही तसेच घुमे. दिवसाकाठी चार शब्द बोलले तर खूप. "आमच्याही घरी एक साहेब आहे," असं लेक मैत्रिणींना सांगे.

वर्षं गेली. लेक सासरी गेली. बाबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा बसली. माझेही रंग विटले. त्याच सुमारास त्या मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारी नवी मालिका सुरू झाली. साहेब तरुण, मित्र जिवंत, आणि दोघांचा दिवस एकमेकांच्या खोड्या काढण्यात जायचा. माहेरी आलेल्या लेकीला ते मुळीच रुचलं नाही.

"पहिलीची सर नाही हिला," ती म्हणाली. "तिथे साहेब न बोलता कळायचा. इथे सारखा खिदळतोय. असा माणूस पुढे तसा होईल का?"

खुर्चीतले बाबा माझ्याकडे एकटक बघत होते.

मग गोष्टीत आग लागली. मित्र आत शिरला. त्याचं काय होणार, हे पहिली मालिका पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबांच्या घशातून घरघर येऊ लागली. त्यांचा चालता हात माझ्या दिशेने उठला. लेकीला वाटलं, त्यांना नीट ऐकू येत नाही. तिने आवाज वाढवला. मी तरी काय करणार? तो मोठा जाळ मलाच ऐकवावा लागला.

आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने मला बंद केलं.

"तू व्हायच्या आधी हे असेच होते," ओले हात पुसत ती म्हणाली. "अख्ख्या कारखान्याच्या नकला करायचे. हसून हसून माझं पोट दुखायचं. मग एक दिवस भट्टी फुटली. यांच्या जागी यांचा दोस्त उभा होता. पाळी यांनीच बदलून घेतली होती."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"यांनी विषयच काढू दिला नाही. आणि तूही कधी विचारलं नाहीस."

लेक बाबांच्या पायाशी बसली. "बाबा, कसे होते तुमचे दोस्त?"

बाबांचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. शब्द काही फुटला नाही. नऊ दिवसांनी ते गेले.

उरलेले भाग लेकीने एकटीने पाहिले. दोन्हींतली कुठली मालिका चांगली, हे ती पुन्हा बोलली नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी आता भंगारातच जाणार. पण तुमच्या घरात कुणी घुमं माणूस असेल, तर त्याची आधीची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकून घ्या. त्याला बोलता येतंय तोवर.