दोघांच्या नावाचं खातं

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्तरी म्हणत आणि त्याच्या बायकोला गमतीने मिस्तरीणबाई. या परक्या शहरात येऊन दोघांना अडीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तो उंच इमारतींमधून ग्रीसने माखून यायचा. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. बँकेचं सगळं तोच बघायचा. तिचा पगारही दोघांच्या नावाच्या खात्यातच पडायचा, पण त्यात किती शिल्लक आहे, घरभाडं कुठल्या तारखेला जातं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "मला काय करायचंय? तुम्ही आहात ना."

त्याच्या पोटदुखीचं निमित्त झालं. तपासण्यांत गाठ निघाली, तीही यकृतापर्यंत गेलेली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून चार महिन्यांची मुदत सांगितली. घरी येऊन चपला काढता काढता तो म्हणाला, "उद्यापासून तुला बँक शिकवतो."

"आज तरी नको हो तो विषय."

"उद्यापासूनच म्हणालो मी."

वन्संचा फोन आला. दोघांनी गावी निघून यावं, इथं आपली माणसं आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्याने फोन हातात घेतला. "ताई, मी आता प्रवासाच्या लायकीचा नाही. आणि हिला तिथं आणून कुणाकडे ठेवू? तुझ्याकडे?" वन्सं स्वतःच मुलाकडे राहत होत्या. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "इथं तुझा पगार आहे. तिथं गेलीस की उभा जन्म दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसशील."

शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर तो फोन मधे ठेवायचा आणि बोटाने एकेक दाखवायचा. इथं शिल्लक दिसते, इथून भाडं जातं, हे विजेचं बिल, अनोळखी माणसाने कार्डाचा आकडा विचारला तर सांगायचा नाही. ती हनुवटीला हात लावून बसायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं कोरं. मधेच उठायची, गॅसवर दूध आहे म्हणून. तो चिडायचा, पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. दोन आठवडे असेच गेले. एवढ्या दिवसांत त्याचा पट्टा तीन भोकं आत सरकला.

एका शनिवारी सकाळी तो तिला बँकेबाहेरच्या पैशांच्या मशीनपाशी घेऊन गेला. स्वतः समोरच्या बाकावर बसला. तेवढं चालूनच त्याला धाप लागली होती. कार्डाचा चार आकडी नंबर त्याने तिच्याकडून वाटेत पाच वेळा म्हणून घेतला होता. तिने कार्ड आत घातलं, आकडे दाबले. चुकले. पुन्हा दाबले. चुकले. तिसऱ्यांदा चुकल्यावर मशीनने कार्ड गिळलं.

ती बाकाजवळ येऊन उभी राहिली. "गेलं आत," ती म्हणाली.

"चार आकडे," तो म्हणाला. "चारच आकडे होते. हॉटेलच्या दीडशे खोल्या, कुठल्या खोलीला किती चादरी हे तुला तोंडपाठ असतं. तुझी मुकादमीण वही न उघडता तुला विचारते. आणि चार आकडे लक्षात राहत नाहीत?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"मुद्दाम चुकवलेस."

"मी शिकले की तुम्ही मोकळे," ती म्हणाली. "मग तुम्हाला अडवायला राहिलं काय?"

तिचा हात ओढून त्याने तिला शेजारी बसवलं. "अगं वेडे, मी तसाही जाणारच आहे. तू शिकलीस तर जरा निवांत जाईन, एवढंच."

त्या बाकावर ती रडली नाही. घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली. संध्याकाळी ती फोन घेऊन त्याच्यासमोर बसली. "सांगा," म्हणाली.

मग तिने आठ दिवसांत सगळं डोक्यात घातलं. तिला इथली भाषा जेमतेम यायची, म्हणून तो टेबलापलीकडे बसून बँकेतला साहेब व्हायचा. नाकावर चष्मा ओढून, तिच्याकडे न बघताच, "पुढचे कोण?" म्हणायचा. "आज सर्व्हर बंद आहे, उद्या या," असंही सांगायचा. ती हसायची. कार्ड हरवलं तर काय बोलायचं, नवीन कार्ड कसं मागायचं, सगळी वाक्यं त्याने इथल्या भाषेत पाठ करून घेतली. शेवटी एक वाक्य उरलं होतं. माझे पती वारले, खातं माझ्या एकटीच्या नावावर करायचं आहे.

"ते नको," ती म्हणाली.

"म्हण एकदा."

तिने खिडकीकडे तोंड करून म्हटलं. त्यात एक क्रियापद चुकलं होतं. त्याने ते दुरुस्त केलं आणि पुन्हा म्हणायला लावलं.

डॉक्टरांनी चार महिने सांगितले होते. तो अकरा आठवड्यांत गेला. कंपनीतली चार माणसं आली, वन्सं फोनवर खूप रडल्या. नंतर मिस्तरीणबाई कामावर रुजू झाली. भाडं, वीज, पाणी, सगळं ती फोनवरून वेळेवर भरत राहिली. बँकेला मात्र तिने काही कळवलं नाही. महिन्याचं पत्रक दोघांच्या नावाने यायचं, त्यात त्याचं नाव वर आणि तिचं खाली. ते ती एकदा वाचायची आणि कपाटात नीट ठेवून द्यायची.

तिसऱ्या महिन्यात बँकेचं वेगळं पत्र आलं, त्याच्या एकट्याच्या नावाने. ओळखीची कागदपत्रं जुनी झाली आहेत, खातेदाराने पंधरा दिवसांत स्वतः शाखेत हजर राहावं, नाहीतर खातं बंद ठेवण्यात येईल. तिने पत्र दोनदा वाचलं. चौदाव्या दिवशी मुकादमिणीकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि मृत्यूचा दाखला पिशवीत घालून बँकेत गेली.

काउंटरवर एक तरुण बाई होती. तिने पत्र पाहिलं आणि मिस्तरीणबाईच्या मागे नजर टाकली. "ते स्वतः आलेत का?"

मिस्तरीणबाईने वाक्य म्हटलं. अडखळली नाही. क्रियापद बरोबर आलं.

बाईचा टाइप करणारा हात थांबला. तिने हळू आवाजात वाईट वाटल्याचं सांगितलं, मग दाखला घेतला, फॉर्म दिला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारल्या. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. "झालं," ती म्हणाली. "आता सगळं तुमच्या नावावर."

"यापुढे त्यांच्या नावाने काही येईल का? पत्रक वगैरे?"

"नाही, काळजी करू नका. काही येणार नाही."

पत्रकावर त्यांचं नाव राहू देता येईल का, हे तिला विचारायचं होतं, पण तेवढी भाषा तिच्याजवळ नव्हती. आभार मानून ती उठली.

दुपारच्या पाळीला ती वेळेत पोचली. मुकादमिणीने खुणेनेच काम झालं का म्हणून विचारलं. तिने मान हलवली, एप्रन बांधला आणि अभ्र्यांचा ढीग पुढे ओढला. यंत्रांचा एवढा घरघराट असायचा की एकीचं बोलणं शेजारचीला ऐकू जायचं नाही. त्या आवाजात उभी राहून, हात न थांबवता, ती पाळी संपेपर्यंत रडत होती. वर बघितलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. ढीग मोठे होते. कुणी वर बघितलं नाही.